गुलाल कुणाला लागला ते सगळ्यांनी बघितलं, हरलेली जोडी कुणी बघितली?

मैदान होऊन चार दिवस झाले. या चार दिवसांत एकाच गाडीचे फोटो मोबाइलवर किती वेळा आले, याची मोजदाद मी सोडून दिली. गुलालानं माखलेली जोडी, बक्षिसाच्या गाडीवर चढलेली पोरं, शेजारी नेतेमंडळी, मागं डीजे. मालकाचं मनापासून अभिनंदन. जिंकणाऱ्याचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण सकाळी साडेसातपासून दिवस मावळेपर्यंत त्या माळावर दीडशेच्या आसपास गाड्या पळाल्या. बाकीच्यांचं काय झालं, हे कुणी एका ओळीत तरी लिहिलंय का?

सरळ बोलतो, राग आला तर येऊ द्या. आपण स्वतःला शर्यतशौकीन म्हणवतो, पण आपल्याला फक्त निकाल बघता येतो. पुढच्या वर्षीचा फायनलचा बैल परवा आपल्याच डोळ्यांसमोरून पळून गेला आणि आपण त्या वेळी झेंड्याकडं बघत मोबाइल वर धरून उभे होतो.

मी दिवसभर वही घेऊन बसलो होतो. लोक हसले. "काय मास्तर, हजेरी घेताय का?" असंही एकानं विचारलं. हो, हजेरीच घेत होतो. त्या हजेरीतलं थोडं सांगतो.

गट ४, चाकोरी ६. गाडी दुसरी आली, म्हणजे घरी गेली. आपल्याकडं गटातला पहिला तेवढा सेमीला, बाकीच्यांनी शिवळा काढायच्या. पण ही गाडी दुसरी का आली? सुट्टीच्या वेळी शेजारच्या चाकोरीतली जोडी बिथरली आणि आडवी झाली, म्हणून या गाडीवाल्यानं कासरा ओढून धरला. तेवढ्यात झेंडा पडला. बाकीच्या गाड्या चार-पाच कासरे पुढं गेल्यावर ही सुटली. तिथून निकालाच्या रेषेपर्यंत तिनं एकेक गाडी मागं टाकली आणि रेषेवर मानेच्या अंतरानं राहिली. उजवीकडचा कोसा खिल्लार होता. त्याच्या पाठीला हात लागला नाही, शेपटीला हात लागला नाही. समालोचकानं या गाडीचं नावसुद्धा पूर्ण घेतलं नाही, कारण तो पहिल्या गाडीच्या मालकाचे आणि त्याच्या वाढदिवसाचे गोडवे गाण्यात गुंतला होता. लिहून ठेवा, हा कोसा दिवाळीच्या आत ओपनच्या सेमीला दिसेल.

गट १७, चाकोरी २. गाडी पाचवी. पाचव्या गाडीकडं कोण बघतो? पण दुपारचे दोन वाजले होते आणि कडेच्या चाकोऱ्या सकाळपासून पळून पळून नुसत्या फुफाट्याच्या झाल्या होत्या. माझ्या वहीत आहेत त्या गटांपैकी दुपारी बारानंतरच्या एकाही गटात १ आणि २ नंबरच्या चाकोरीतली गाडी पहिली आलेली नाही. हे मैदानवाल्यांना कुणी विचारलं का? त्या गाडीतला डावा बैल अर्ध्यावर सुटला, म्हणजे मनानं सुटला, मान वर करून नुसता सोबत धावायला लागला. उजव्यानं पुढचं सगळं अंतर त्याला ओढत नेलं आणि तरीही चाकोरी सोडली नाही. रेषेनंतर मी मुद्दाम गाड्या थांबतात तिथवर चालत गेलो. दहा मिनिटांत या बैलाचा श्वास बसला होता आणि तो कडब्याला तोंड लावत होता. जोडीदार अजून भात्यासारखा हलत होता. पैरा बदला, मग हा बैल काय करतो ते बघा.

आता उलटं. सेमीला गेलेल्या एका गाडीचं आपल्याकडं फार कौतुक चाललंय, "येणारा काळ आपलाच" वगैरे. गट तिनं जिंकला, खरं आहे. पण शेवटच्या टप्प्यात त्या ड्रायव्हरच्या हातात काय होतं, हे मी पन्नास पावलांवरून बघितलंय आणि माझ्यासारख्या निदान दोनशे जणांनी बघितलंय. सेमीला तोच बैल सुट्टीलाच मागं सरकला. सरकणारच. मागं काय बसलंय हे त्याला गटातच कळलं होतं. हा काळ कुणाचाच नाही. पंचांनी त्या गाडीला गटातच बाद करायला पाहिजे होतं.

आदतमधला माझा पसंतीचा खोंड मात्र मी इथं सांगणार नाही. कारण पुढं येईल.

तुम्ही म्हणाल, एवढं कोण बघत बसतो? जगात बघतात. यूट्यूबवर बैल बघता बघता मला इंग्लंड-आयर्लंडच्या घोड्यांचा नाद लागला. आपल्या महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे सपाट पळतात. तिकडं हिवाळ्यात ते कुंपणांवरून उड्या मारत पळतात, दोन ते चार मैल, चिखलातून. तिथं दिवस संपला की प्रत्येक घोड्यामागं दोन ओळी लिहिल्या जातात. पहिल्यावर तशा शेवटच्यावरही. कुठल्या कुंपणाला चुकला, कुणी वाट अडवली, शेवटी जवळ येत होता की संपला होता. पुढच्या शर्यतीच्या कार्डावर घोड्याच्या नावासमोर मागच्या शर्यतींचे आकडे ओळीनं छापलेले असतात. पडला असेल तर त्याचं अक्षर, अर्ध्यावर थांबवला असेल तर त्याचं अक्षर. कुणालाही वाचता येतं. तिथले जाणकार पहिल्या घोड्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्याकडं जास्त बघतात, कारण पुढचा विजेता बहुतेकदा तिथंच दडलेला असतो.

लिव्हरपूलजवळची ग्रँड नॅशनल घ्या. जवळजवळ सात किलोमीटर, तीस कुंपणं, ३४ घोडे. ५ एप्रिल २०२५ ला ती निक रॉकेट नावाच्या घोड्यानं जिंकली. भाव होता ३३ ला १, म्हणजे कुणी फार धरलेला नव्हता. पण कागद काय सांगत होता? त्याच वर्षी जानेवारीत आणि फेब्रुवारीत आयर्लंडमधल्या दोन मोठ्या शर्यती लागोपाठ त्यानं मारल्या होत्या. ज्यानं वाचलं त्याला दिसलं. त्यात नशीब किती आणि अक्कल किती यावर तिकडं वाद चालतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, त्यामागं हीच गोष्ट आहे, की अभ्यासाला काहीतरी कागद असतो. (आपल्या मैदानाच्या कडेला चालणाऱ्या पैजांना यातलं काहीच लागू नाही. तो सरळ जुगार आहे, आणि तो चालतो हे माळावरच्या पोरासोरांना माहीत आहे.)

घोडेवाले फार सज्जन आहेत असं मी म्हणत नाही. त्याच शर्यतीत तेरा वर्षांचा एक घोडा शेवटचं कुंपण ओलांडल्यावर कोसळला आणि तीन दिवसांत मेला. २०२३ साली तर त्या तीन दिवसांच्या मेळ्यात तीन घोडे गेले. तेरा वर्षांच्या घोड्याला कशाला पळवायचं, हा प्रश्न तिकडं विचारला गेला आणि विचारायलाच हवा होता. पण पुढं काय झालं ते बघा. २०२३ नंतर घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली. पहिलं कुंपण अलीकडं घेतलं, म्हणजे घोडे फार वेगात येऊन त्यावर आदळू नयेत. तेरा वर्षांच्या घोड्यावरच्या जॉकीला, तो दमलाय हे दिसत असताना पळवत ठेवलं म्हणून दहा दिवस घरी बसवलं. चाबूक सातच्या वर मारला तर शिक्षा, आणि मर्यादेपेक्षा चार किंवा जास्त झाले तर घोडाच बाद, जिंकलेला असला तरी. हे सगळं होऊ शकलं कारण मेलेल्याची नोंद आहे, मारलेल्याची नोंद आहे, वयाची नोंद आहे. आपल्याकडं परवा गट २० मध्ये एक बैल पडला. उठला, लंगडत गेला. तो कुणाचा, किती दाती, आज कसा आहे? कुणाला माहीत आहे? मी तीन फोन केले. कमिटीतल्या एकानं सांगितलं, "असं काही झालंच नाही."

इथं माझं डोकं फिरतं.

कारण आपण ही शर्यत कशी परत मिळवली ते आठवा. २०११ ची केंद्राची अधिसूचना, ७ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मग सगळं बंद. २०१७ ला आपल्या विधिमंडळानं कायदा केला, तो हायकोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा उचलून धरला. त्या दिवशी आपण फटाके वाजवले. निकालाची दुसरी बाजू मात्र कुणी वाचली नाही. न्यायालयानं सांगितलंय की नियम काटेकोर पाळले गेले पाहिजेत आणि जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. शर्यत चालू आहे ती या अटीवर. नियमात चाबूक नाही, काठी नाही, करंट नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि आपण काय करतो? परवानगीच्या अर्जाला सगळी प्रमाणपत्रं जोडतो, आणि माळावर पोचल्यावर ती फाइल कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत राहते.

दुसरी गोष्ट. सगळ्या मोर्चांत, सगळ्या भाषणांत आपण एकच सांगत होतो. शर्यत बंद झाली तर खिल्लार संपेल, देशी गोवंश वाचवायचा असेल तर शर्यत पाहिजे. मी स्वतः ते फलक धरलेत आणि ते खरं आहे असं आजही मानतो. पण मग हिशेब दाखवा ना. परवा फायनलला आलेल्या सात गाड्यांच्या चौदा बैलांचे वळू कोण, आया कुणाच्या दावणीच्या, हे कमिटीला विचारा. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची वंशावळीची वही १७९१ पासून छापली जाते. आपल्याकडं बैलाच्या नावाचं गाणं निघतं, त्याच्या वाढदिवसाचा केक कापतात, पण त्याच्या आईची नोंद नाही. वंश वाचवतोय म्हणणाऱ्यांकडं वंशाची वहीच नाही.

आणि याची किंमत कोण मोजतं? छोटा माणूस मोजतो. आमच्याच गावात एका भावानं गेल्या वर्षी खोंड विकला. चार मैदानं केली, एकदाही नंबरात नाही. घरचे म्हणाले, कशाला पोसायचा? आला त्या भावात दिला. घेणारा बाहेरचा, त्याच्याकडं चारही मैदानांचे व्हिडिओ होते. चारही वेळा पैरा कच्चा होता, दोनदा चाकोरी कडेची होती, हे त्यानं थांबवून थांबवून बघितलं होतं. विकणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याच्या लेखी बैल हरलेला होता. आज त्या खोंडाला किती मागणी आहे ते मी लिहीत नाही, त्या भावाच्या जखमेवर मीठ कशाला? नोंद उघड असती तर त्याला निदान भाव करता आला असता. माहिती एकाच बाजूला असली की पैसाही त्याच बाजूला जातो. बाजार समितीत हेच होतं म्हणून आपण ओरडतो, आणि माळावर तेच गुपचूप खपवून घेतो.

आता आदतचं सांगतो. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला खोंड. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी पडते, म्हणजे आदतमध्ये पळणारं जनावर त्याच्याही आतलं. हाडं भरायची असतात, खांदा बसायचा असतो. आयर्लंडमध्ये कुंपणाच्या शर्यतीचे घोडे सातव्या, आठव्या, नवव्या वर्षी भरात येतात. ग्रँड नॅशनलला तर सात वर्षांच्या आतला घोडा घेतच नाहीत. आणि आपण? आदतला एवढी बक्षिसं लावली आहेत की दीड वर्षाचं वासरू आठवड्यात दोन-दोन मैदानांना टेम्पोत घालून फिरवलं जातं. सकाळी गट, दुपारी सेमी, संध्याकाळी फायनल, रात्री प्रवास. दुसा होईपर्यंत त्यातली किती टिकतात? तुमच्या ओळखीतले मोजा. दोन वर्षांपूर्वी आदत गाजवलेल्यांपैकी आज ओपनला किती आहेत?

म्हणून मी माझ्या पसंतीच्या खोंडाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या त्याच्या गोठ्यापुढं चार गाड्या उभ्या राहतील आणि परवा तो टेम्पोत असेल. मालक तरुण आहे, हौशी आहे. त्याला मी एवढंच म्हणालो, पावसाळाभर शांत ठेव. ऐकेल असं वाटतं. बघू.

बाद झालेल्या बैलाचं पुढं काय होतं, यावर तर कुणीच बोलत नाही. २०१५ पासून राज्यात बैल कत्तलीला देता येत नाही. शेतीला ट्रॅक्टर आला. मग खांदा गेलेला, पाय गेलेला बैल कुठं जातो? ज्याला दम आहे तो मालक मरेपर्यंत सांभाळतो, असे मालक मी बघितलेत, त्यांच्या पाया पडावं. पण सगळे तसे नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. बक्षिसाच्या रकमेतला शेकडा काही भाग म्हाताऱ्या बैलांच्या चाऱ्याला काढा, असं मी एका बैठकीत म्हणालो तर विषयच बदलला. थार द्यायला प्रायोजक मिळतो, कडब्याला मिळत नाही.

मला येणारी उत्तरं पाठ आहेत. पहिलं, "आपण शेतकरी माणसं, वह्या कोण लिहिणार?" अहो, आपला द्राक्षवाला फवारणीची तारखेवार नोंद ठेवतो, नाहीतर माल परदेशी जात नाही. दूध घालणारी माउली फॅटची पावती जपून ठेवते. कुठलं काम सांगताय शेतकऱ्याला जमत नाही म्हणून? जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला सरकारनंच मारलाय, आणि जून २०२४ पासून त्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही. नंबर तयार आहे. गाडी जुंपताना तो लिहायचा, दात लिहायचे, चाकोरी लिहायची, कितवा आला ते लिहायचं, इजा झाली तर लिहायची. गटाला पाच मिनिटं. सुट्टीला वीस-वीस मिनिटं लावता त्यापेक्षा कमीच.

दुसरं उत्तर जास्त खोल आहे आणि ते दबक्या आवाजात दिलं जातं. "नोंद ठेवली की प्राणीमित्रांच्या हातात आयता पुरावा." हे म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, पुरावा आज नाही का? माळावर दहा हजार मोबाइल असतात. तुमचा लाइव्ह व्हिडिओ तुम्हीच टाकता, त्यात मारणारा हात स्पष्ट दिसतो. कोर्टात उद्या कुणी तो लावला तर तुमच्याकडं उत्तरादाखल काय असेल? बॅनरवरचे फोटो? त्याऐवजी असं सांगता आलं पाहिजे की अमुक मैदानात इतके बैल पळाले, इतके तपासले, इतके परत पाठवले, इतक्या गाड्या मारलं म्हणून बाद केल्या, एक बैल पडला, त्याच्यावर या डॉक्टरनं उपचार केले. अशा कागदानंच शर्यत वाचेल. नोंद नको म्हणणारा माणूस शर्यत वाचवत नाही, स्वतःची गाडी वाचवतोय.

पुढचं मैदान आपल्या शेजारच्या तालुक्यात ठरतंय. पत्रिका अजून छापलेली नाही. कमिटीतली चार-पाच मंडळी ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. त्यांना थेट विचारतो. दुपारनंतर कडेच्या चाकोऱ्यांवर पाणी मारून फळी फिरवणार का? आदतच्या गाडीला दिवसातून किती फेरे, हे पत्रिकेवर छापणार का? मारलेली गाडी पहिली आली तरी बाद होईल, हे माइकवरून सकाळीच सांगणार का? उत्तर इथंच द्या, फोनवर नको.

वहीच्या पानांचे फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकलेत. अक्षर जरा वाईट आहे. गट ९ ते १४ च्या वेळी गर्दीनं मला मागं रेटलं, ते सहा गट माझ्याकडं नाहीत. कुणाकडं पूर्ण व्हिडिओ असतील तर पाठवा. नुसती पहिली गाडी असलेले नकोत, सुट्टीपासून शेवटच्या गाडीपर्यंतचे पाहिजेत. आणि गट २० मध्ये पडलेल्या बैलाचा मालक कुणाच्या ओळखीचा असेल तर त्याला सांगा, डॉक्टरचा खर्च आम्ही चार जण मिळून देतो, फक्त बैल कसा आहे तेवढं कळवा.